धंदा म्हणायची लाज

इथे दर वर्षी फेब्रुवारीत एक माणूस मला एक प्रश्न विचारायचा आणि मी दर वर्षी त्याला तेच उत्तर द्यायचे. त्या उत्तरापायी माझी पाच वर्षं गेली. कुणाला सांगावं असं काही नाही. म्हणून वहीत लिहून ठेवते आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती, तिथे मुलीला एकटीला पाठवायचं नाही असं घरात ठरलं. शेजारच्या बाईंकडे पायमशीन होतं, त्यांच्याकडे बसून मी शिवण शिकले. लग्न झाल्यावर सासरीही ब्लाउज शिवायची इच्छा सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शीव की. पण घरात धंदा मांडू नकोस." त्या वाईट नव्हत्या. आमच्याकडे बाई धंदा करते असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ एकच व्हायचा, आणि तो त्यांना आपल्या दारात नको होता. मी तीस वर्षं शिवलं. पैसे घेतले. पण त्याला कधी काही नाव दिलं नाही. कुणी विचारलं तर "आपलं असंच, घरच्या घरी" म्हणायचे.

यजमान आजारी पडले तेव्हा दोन वर्षं दवाखाना चालला. मुलगा तेव्हा अमेरिकेतच होता. सुट्टी काढून आला. बिलाच्या खिडकीशी रांगेत उभा राहून तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "ते पुण्याच्या फ्लॅटचं कॅन्सल कर." मी त्याच्या मागेच डबा घेऊन उभी होते. मी ऐकलं हे त्याला अजून माहीत नाही. यजमान त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. त्याच दिवसांत मी मनाशी धरलं, की माझी वेळ येईल तेव्हा या पोराला खिडकीशी उभं करायचं नाही.

अमेरिकेत फ्रिस्को गावी मुलाकडे आले तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते. सून इथेच जन्मलेली. तिला मराठी समजतं, बोलायला घेतलं की अर्ध्या वाटेत इंग्रजी लागतं, पण मनाने मोकळी. तिनेच मला विजेचं मशीन आणून दिलं. मुलं नसल्यामुळे वरची खेळायची खोली रिकामी होती, तिथे मांडलं. पहिल्यांदा तिच्याच एका मैत्रिणीची नऊवारी शिवली. इथे नऊवारी नेसता येणाऱ्या बायका थोड्या. लेझीमला, गणपतीला, पाडव्याला सगळ्यांना हवी असते, आणि नाचताना सुटायला नको असते. मी काष्टा, निऱ्या सगळं टाचून, आतून नाडी घालून देते; सलवारीसारखी चढवायची. एकीने दुसरीला सांगितलं. मग ब्लाउज येऊ लागले, फॉल-पिको, मुलींची परकर-पोलकी. दुसऱ्या वर्षी मला वर्षभर पुरेल एवढं काम होतं. सुनेने माझ्या नावाचं खातं काढून दिलं. बायका फोनवरून त्यात पैसे टाकायच्या.

मग मुलगा म्हणाला, "आई, आता तुला टॅक्सचा फॉर्म भरावा लागेल."

वाणसामानाच्या दुकानामागे एका खोलीत एक मराठी गृहस्थ बसायचे. दिवसा कुठेतरी नोकरी आणि जानेवारी ते एप्रिल लोकांचे फॉर्म भरून द्यायचे. वयाने माझ्याच बरोबरीचे, पण इथे मला सगळेच काकू म्हणतात, तेही म्हणाले. खोलीत मसाल्याचा वास होता आणि बाहेर चार नवरे आपापली पाकिटं घेऊन बसले होते. दार उघडंच.

"बोला काकू. हा तुमचा धंदा आहे का हॉबी?"

माझ्या कानशिलांना आग लागली. बाहेरचे चौघे ऐकत असतील असं वाटलं.

"अहो, धंदा कसला!" मी म्हटलं. "घरबसल्या चार बायकांचं शिवून देते, इतकंच."

"म्हणजे हॉबी."

"आवड आहे मला."

"झालं तर! काकूंची हॉबी." त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं आणि मुलाकडे वळून म्हणाले, "हे बघ, आईचा टॅक्स झिरो. तुझा असा निघाला असता तर मला पेढे दिले असतेस."

मुलगा हसला. मीही पदर सारखा करत हसले. सुटल्यासारखं वाटलं. निघताना त्यांनी गणपतीचं कॅलेंडर दिलं.

पुढे दर वर्षी तसंच. ते म्हणायचे, "काकू, हॉबीच ना अजून?" आणि मी म्हणायचे, "हो, हॉबीच." दर वर्षी नियम मात्र काहीतरी बदललेले असायचे. एकदा त्यांनी सांगितलं, पूर्वी हॉबीच्या उत्पन्नातून सामानाचा खर्च वजा करता यायचा, आता येत नाही. मी अस्तर, दोरा, हूक यांच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात जपून नेल्या होत्या. ते म्हणाले, "हे लागत नाही आता. पण तुम्हाला फरक पडत नाही, तुमचं झिरोच." एका वर्षी फोनवरून येणाऱ्या पैशांचा नवा नियम आला, मग तो पुढे ढकलला, मग परत जुना आला. ते समजावून सांगत आणि मी मान हलवत असे. समजलं नाही असं म्हटलं असतं तर त्यांनी पुन्हा सांगितलं असतं, आणि पुन्हाही समजलं नसतं. मुलाचं लक्ष स्वतःच्या कागदात. त्याचे कागद माझ्यापेक्षा कितीतरी जाड.

आठ वर्षं अशी गेली.

गेल्या हिवाळ्यात ते गृहस्थ मुलीजवळ राहायला दुसऱ्या राज्यात, कॅरीला गेले. सुनेची एक मैत्रीण हेच काम शिकलेली, आईवडील साताऱ्याकडचे, ही इथेच वाढलेली. सुनेने मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तिची वेळ घेतली होती. मीच नको म्हटलं. पाडव्याच्या बावीस नऊवाऱ्या अंगावर होत्या, एका ढोल-ताशा पथकाचं शिवण होतं, आणि मला वाटलं, झिरोच तर भरायचा आहे, त्यासाठी एक अख्खी दुपार कशाला. "पाडवा होऊ दे," मी म्हटलं. पाडव्यानंतर ती मुलगी कामात बुडाली. एप्रिलच्या मध्यापर्यंत तिला श्वास घ्यायला फुरसत नसते म्हणे. मुलाने मुदत वाढवून घेतली. ती आली ती मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी.

जेवणाच्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो. मी चहा केला, चिवडा काढला. मुलगी लाघवी. चपला दाराशी काढल्या, वाकून नमस्कार केला, लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे बघून जमेल तेवढ्या चांगल्या मराठीत म्हणाली, "मावशी, तुम्ही किती वर्षं धंदा करता?"

मुलाला चहाचा ठसका लागला.

"अगं ए, आईला असं नको विचारूस!"

"व्हाय? बिझनेस म्हणजे धंदा ना? माझा डॅड रोज म्हणतो, धंद्यात लक्ष घाल, धंद्यात लक्ष घाल."

"डॅडने म्हटलेलं चालतं."

"काय? मला पण सांगा ना," सून म्हणाली. मुलाने तिच्या कानात सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "ओ माय गॉड. आई, सॉरी!" आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. त्या मुलीला कुणी काही सांगेना, तिने स्वतःच ओळखलं आणि गळ्यापर्यंत लाल झाली. "मावशी, आय ॲम सो सॉरी. डॅडचं मोटेलचं आहे, मोटेलचा धंदा..."

"ते तर आणखीच झालं," मुलगा म्हणाला, आणि मग मलाही हसू आवरलं नाही. टेबलक्लॉथकडे बघत मी पुष्कळ हसले. आठ वर्षांत त्या शब्दावर मी पहिल्यांदा हसले असेन.

मग तिने माझे जुने फॉर्म उघडले आणि तिचं हसू थांबलं.

"हॉबी? हे हॉबी कुणी लिहिलं?"

"मीच सांगितलं तसं," मी म्हटलं.

"सगळी वर्षं?"

"सगळी."

तिने लॅपटॉप थोडा स्वतःकडे फिरवला. मग मुलाशी भरभर इंग्रजीत बोलली. मुलाचा चेहरा मला वाचता येतो, इंग्रजी नाही येत. तो म्हणाला, "बट शी ओड नथिंग," म्हणजे मला काही देणंच नव्हतं, तेवढं कळलं. मी पुढे केलेली चिवड्याची वाटी तशीच राहिली.

"मला सांग," मी त्या मुलीला म्हटलं. "मराठीत सांग. सावकाश सांग."

तिने एक कागद घेतला आणि खरंच सावकाश सांगितलं. शब्द शोधत शोधत. जो माणूस स्वतःचं काम करतो आणि ते धंदा म्हणून दाखवतो, त्याला एक जादा हिस्सा भरावा लागतो. कमाई थोडी असली, बाकीचा टॅक्स शून्य असला, तरी तो हिस्सा भरायचाच. तो भरला की सरकार त्याच्या नावापुढे वर्षाला चार खुणा करतं. ती क्रेडिट म्हणाली, पण कागदावर तिने चार उभ्या रेघा मारल्या, म्हणून मी खुणा म्हणते. चाळीस खुणा झाल्या की पासष्टाव्या वर्षापासून हॉस्पिटलचा विमा विकत घ्यावा लागत नाही, तो सरकार देतं. वर थोडी पेन्शनही. हॉबीला तो हिस्सा भरावा लागत नाही. म्हणून खुणाही नाहीत.

मी बोटांवर मोजलं. आठ चोक बत्तीस. पाढे मला तीसपर्यंत पाठ आहेत.

"म्हणजे माझ्या बत्तीस झाल्या असत्या."

"हो, मावशी."

"दोन वर्षं राहिली असती."

"हो."

"आणि आता किती आहेत?"

तिने मुलाकडे पाहिलं. मुलगा खिडकीकडे बघत होता. "झिरो," ती म्हणाली.

तो शब्द मी दर वर्षी आनंदाने ऐकला होता.

मुलाच्या कंपनीच्या विम्यात बायको-मुलं बसतात, आई बसत नाही. माझा विमा तो वेगळा विकत घेतो, आणि तो दर वर्षी वाढतो हे मला सून आणि तो हळू आवाजात बोलतात त्यावरून कळतं. शिवणाचे पैसे मी त्यांना देऊ केले तर घेत नाहीत. म्हणून साठवत होते. पासष्टनंतर कसंतरी होईल, इथलं सरकार म्हाताऱ्यांचं बघतं, असं बायका मापं देताना बोलायच्या. सगळ्यांचं बघत असेल असं मी धरून चालले. ज्यांच्या खुणा आहेत त्यांचं, हे कुणी बोललं नव्हतं. त्यांना सांगायची गरजच नव्हती. त्यांचे नवरे नोकरीत होते.

"दुरुस्त करता येईल ना?" सुनेने विचारलं.

करता येतं, ती म्हणाली. फॉर्म परत भरायचे, हॉबी काढून बिझनेस लिहायचं, राहिलेला हिस्सा व्याजासकट भरायचा. पण मागे किती जायचं त्याला हद्द आहे. वर्ष संपल्यापासून तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवस. त्यानंतर सरकार त्या वर्षाची वही मिटवतं. कितीही पैसे भरा, खुणा होत नाहीत.

तिने कागदावर वर्षं लिहिली आणि एकेक खोडत आली. पहिली चार खोडली. पाचव्यावर पेन थांबलं.

"हे?" मी विचारलं.

मुलाने कागद ओढून घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, बोटांवर हिशेब केला. "हे एप्रिलच्या पंधराला संपलं," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले."

"मार्चमध्ये आपण..." सून म्हणाली आणि थांबली.

पाडव्याचं नाव कुणी काढलं नाही. तिने मार्चमधली वेळ घेतली होती, मी मोडली होती, हे चौघांनाही माहीत होतं. त्या मुलीने पाचवं वर्षही खोडलं. हलक्या हाताने खोडलं, पण खोडलंच.

"मी काही गुन्हा केला का गं?" मी तिला विचारलं. मला तेवढंच विचारावंसं वाटलं.

"नो, नो, मावशी. तुम्ही काहीच केलं नाही. यू जस्ट... तुम्ही नाही म्हटलं, आणि त्यांनी लिहिलं. दुसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं."

त्यांनी तर दर वर्षी विचारलं होतं. मला त्यांना दोष देता येईना.

तिने मग राहिलेली तीन वर्षं धरली. बिस्किटांचा डबा मी वरून आणला. तिने तो पालथा केला, आतल्या पावत्या उलट्या-सुलट्या केल्या. निम्म्या कोऱ्या झाल्या होत्या. इथल्या पावत्यांची शाई उडून जाते म्हणे. त्यांचे फोटो काढून ठेवायचे असतात, हेही मला माहीत नव्हतं. तिने कितीतरी प्रश्न विचारले. त्या खोलीत शिवणाशिवाय आणखी काही करता का? मी म्हटलं, पाहुणे आले तर तिथे झोपतात, आणि सकाळी मी पोथी वाचते. मग खोली खर्चात धरता येत नाही, ती म्हणाली, फक्त कामाचीच हवी. मुलाने कपाळाला हात लावला. "आई, पोथी खाली वाचता आली नसती?" तो चिडून बोलला नव्हता, पण मला रडू आलं. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि नळ सोडला.

तो पाठोपाठ आला. "आई, एवढं काय त्यात. मी आहे ना."

मी हो म्हटलं. हेच होऊ नये म्हणून सगळं होतं, असं त्याला कसं सांगणार? तो माझ्या हातातले कप घेऊन विसळायला लागला. त्याच्या पाठीकडे बघताना मला ती बिलाची खिडकी दिसली.

दुरुस्तीचे फॉर्म गेले. माझ्या साठवलेल्यातले बहुतेक पैसे त्याबरोबर गेले. सही करायच्या जागी मी मराठीत केली, चालते म्हणाली. तिने विचारलं, "काम काय लिहू?" मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "टेलर लिही." सूट शिवणारा कुणी पुरुष डोळ्यांपुढे आला. पण ठीक आहे, धंद्याहून बरं. विक्रीवरचा म्हणून आणखी एक वेगळा कर या राज्यात असतो, तो माझ्या कामाला लागतो का हे बघावं लागेल, असंही ती जाता जाता म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघून तिनेच म्हटलं, "ते पुढच्या वेळी."

जुलैत त्या जुन्या गृहस्थांचा कॅरीहून मुलाला फोन आला, त्यांना त्याच्याकडून कसलासा जुना कागद हवा होता. फोन मोठ्या आवाजावर होता. मी भाजी निवडत होते. "काकू आहेत का? काय काकू, हॉबी जोरात ना?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं होतं, मी हातानेच नको म्हटलं. "छान चाललंय," मी म्हणाले. "तुमची तब्येत?" त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी बराच वेळ गुडघ्यांचं सांगितलं. फोन ठेवल्यावर मुलगा म्हणाला, "आई, सांगायचं तरी होतंस." काय सांगायचं होतं? की तुम्ही मला धंदा विचारलात आणि मी लाजले?

आता माझा हिशेब असा आहे. दुरुस्ती मान्य झाली तर तीन वर्षांच्या बारा खुणा. अठ्ठावीस राहतात, म्हणजे सात वर्षं. मी एकसष्ट वर्षांची आहे. पासष्टला काही हाती येणार नाही. अडुसष्टपर्यंत मशीन चाललं पाहिजे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतो आहे, काळ्या कापडावर काळी टीप मला दिवसाच दिसते. मागच्या वर्षी मी ठरवलं होतं, हळूहळू नऊवाऱ्या बंद करून नुसते फॉल लावायचे. फॉलच्या पैशांत चार खुणा होत नाहीत. मी विचारून घेतलं.

परवा त्या मुलीला स्वतःहून फोन केला. असा मी कुणाला करत नाही. "या वर्षीचा आकडा माझा पुरा होईल का गं?" खुणेसाठी वर्षाला ठरावीक कमाई व्हावी लागते, खर्च वजा जाऊन.

"होईल, मावशी. दिवाळीपर्यंत होईल."

"आणि पुढच्या वर्षी किती लागेल?"

"ते अजून सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये सांगतात."

"एवढाच असेल ना?"

"नाही. दर वर्षी थोडा वाढतो."

"किती?"

"कुणालाच माहीत नसतं, मावशी."

मी बरं म्हटलं. दुपारी एका बाईचा फोन आला, गणपतीसाठी चौदा नऊवाऱ्या हव्या होत्या, आणि घाई होती. काळ्या रंगाच्या होत्या सगळ्या; गणपतीला काळं कसं, असं मी विचारलं नाही. मी हो म्हणाले.